टाकीतलं शेण

आई, तुला टाकायला शेणच सापडलं का? इतकी वर्षं झाली तरी त्या गोष्टीचा निकाल लागत नाही. तू सुटलीस, मी अडकले. अण्णा खाटेवर पडून एकच धोशा लावतात, "तुझ्या आईनं मुद्दाम केलं का गं?" तू जिवंत होतीस तेव्हा विचारायला यांना तोंड नव्हतं? तेव्हा तुझ्या हातचं ताटसुद्धा माझ्याकडून सरकवून घ्यायचे.

मला तो उन्हाळा दिसतो. टोमॅटो दरसाल उभा वाळायचा, म्हणून अण्णांनी मातीचा नाद सोडला. सातपूरला कारखान्यात कामाला असलेल्या मामाकडून पाइप आणले, भोकं पाडली, उघड्या वावरात बांबूंवर आडवे बांधले. टाकीत मिठासारखं पांढरं खत विरघळवायचं, मोटारीनं ते पाणी पाइपांतून फिरवायचं, भोकाभोकात पालक नि पुदिना. माती नाही, खुरपणी नाही. नाशकातून माणसं बघायला यायची. "वहिनी, खुरपं भंगारात घाला आता," शेजारीण म्हणाली. तू हसली नाहीस. जन्म वाफ्यात गेलेली बाई, रिकामे हात घेऊन बांधावर बसायचीस. टाकीकडं वळलीस की अण्णा ओरडायचे, "हात लावू नको, तुला त्यातलं कळत नाय."

आणि एका दुपारी तू बादलीभर शेण कालवून टाकीत ओततेस. टाकी तापू नये म्हणून मी गोणपाट भिजवत तिथंच उभी आहे. "मिठाच्या पाण्यावर लेकरं जगत्यात व्हय? उपाशी हायेत ती," रोपांकडं बघत एवढंच म्हणालीस. आठवड्यात मुळं काळी, बुळबुळीत. पाइप उघडला की मेल्या उंदराचा वास. अण्णांनी सगळं उपटून फेकलं आणि तुझ्याशी बोलणं सोडलं, ते तू मरेपर्यंत. तूही कधी म्हणाली नाहीस, चुकलं.

सोमवारी त्यांना ऑपरेशनला नेतोय. डॉक्टर भरवसा देत नाहीत. न कळून केलं म्हणावं, तर उगाच तुला वाळीत टाकलं म्हणून रडत जातील. मुद्दाम म्हणावं, तर शिव्या देत जातील. काय सांगू त्यांना?

हा कागद गंगेत सोडायची नाटकं मला जमत नाहीत, गादीखालीच राहील. खरं सांगते, मुद्दाम केलं असशील तर मला बरं वाटेल, एकदा तरी उलटलीस म्हणून. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतं? तू सांग. रविवार रात्रीपर्यंत.