सहा मीटरवरून

प्रिय वन्सं,

अशी हाक मारली की तू चिडतेस, म्हणूनच मारतेय. अकरा वर्षं चिडवलं, आता सवय कशाला मोडू? खरं तर फोनच करणार होते, पण फोनवर तू 'बोल ना, बोल ना' म्हणत मागे भांडी आवरत असतेस आणि माझा मुद्दा राहूनच जातो. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, हा फायदा.

मी बरी आहे. मालकांनी आता फ्रेमांचं काउंटर दुसऱ्या मुलीला दिलं आणि मला पूर्णवेळ डोळे तपासायला बसवलं. दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत भिंगं बदलत विचारत राहायचं, हे बरं दिसतं की ते? परवा एका आजींनी नवा चष्मा लावून आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, जुनाच दे बाई, त्यात मी बरी दिसत होते. हसून हसून पुरेवाट झाली. घरी येऊन कुणाला तरी सांगावं असं वाटलं, तर घरात कोण? हल्ली मी स्वतःलाच विचारते, टीव्ही लावलेला बरा की बंद बरा? दोन्ही सारखंच दिसतं.

तर, आपली दर वर्षीची ट्यूलिपची फुलं बघून आले. एकटीच. लायब्ररीत पुस्तकांची मोजदाद आहे, रविवारीही जावं लागेल, असं तू कळवलंस तेव्हा मीही जाणार नव्हते. पण तो रविवार सकाळपासूनच आ वासून समोर बसला. सात वाजता गाडी काढली. सवयीने सँडविच दोघींचे केले होते.

चार तासांचा रस्ता किती लांब असतो, हे मला सहा वर्षांत कळलंच नव्हतं. तुझ्या बडबडीत तो संपायचा. तुझा दादा कधी आला नाही, नुसती फुलदाणी ठेवली तरी त्याला शिंका यायच्या. त्यामुळे ती सहल आपल्या दोघींची. नकाशा तुझ्या मांडीवर आणि तरी पेट्रोल पंपापुढचं वळण दर वर्षी हुकायचं! पुढे जाऊन पूल ओलांडायचा, परत फिरायचं, आणि चूक माझीच हे तू सिद्ध करायचीस. या वेळी वळण बरोबर घेतलं. वेळेत पोचले, आणि त्याचंच वाईट वाटलं.

एक सांगू? घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी तू दादाबरोबर न जाता माझ्याबरोबर जिना उतरलीस. म्हणालीस, तुमचं काय व्हायचं ते होवो, माझी वहिनी तूच. नवरा गेल्याचं दुःख मी पचवलं, कारण तू राहिलीस. गेली दोन वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली आहेत. फोन रोजचे आठवड्याचे झाले, आठवड्याचे महिन्याचे, तरी मी म्हणायचे, कामात असेल.

ट्यूलिप या वर्षी उशिरा फुलले, पण फुलले ते असे की नदीपर्यंत जमीन दिसत नव्हती. माणसंही तितकीच. मी जांभळ्या वाफ्याजवळ उभी होते आणि मागून हाक आली, "वहिनी, अगं इकडे ये, इथे ऊन चांगलं आहे!" मी "आले, आले" म्हणत वळलेसुद्धा. दोन पावलं टाकलीही. शेजारी उभ्या एका काकांना वाटलं मी त्यांनाच म्हणतेय, त्यांनी "मला काही म्हणालात का?" असं विचारलं. तोवर पिवळ्या कोटातली एक बाई माझ्या बाजूने पुढे गेली आणि वाफ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तू फोन धरून तिचा फोटो काढत होतीस.

तुझ्या दादाने दुसरं लग्न केल्याचं कळलं होतं, तिला पाहिलं नव्हतं. चेहरा हसरा आहे तिचा. चष्मा नाही, म्हणजे दुकानाचं एक गिऱ्हाईक कमी.

मग तू मान वर केलीस. थेट माझ्याकडे. मी हात अर्धा उचलला होता. तू फोन पर्समध्ये टाकलास, तिच्या दंडाला धरलंस आणि दोघी कंद विकणाऱ्यांच्या गर्दीत शिरलात. मी गाडीत जाऊन बसले. दोन्ही सँडविच खाल्ले आणि परत आले.

'मी रागावले नाहीये' असं आधी लिहिलं होतं. ते खोटं वाटलं म्हणून कागद बदलला. रागावले आहे, पण मोजदादीच्या थापेवर नाही. नव्या माणसाला आपलंसं करायलाच हवं, आणि ते तुझ्याइतकं छान कुणाला जमत नाही, हे माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक? माझा जीव अडकलाय तो त्या एका बघण्यात. आपल्यात सहा मीटर अंतर होतं. आमच्या दुकानात डोळे तपासताना माणूस अक्षरांच्या तक्त्यापासून तेवढ्याच अंतरावर बसतो, त्यामुळे त्यात माझी चूक होत नाही. तुझ्या डोळ्यांवर चष्मा मीच बनवलेला, निळ्या फ्रेमचा. तो तपासून दोन वर्षं झाली. तुझ्या वयात दूरचा नंबर एवढा वाढत नाही, हे मी रोज लोकांना सांगते. तरी एकदा दुकानात ये, एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. गुरुवारी दुपारी कोणी नसतं. मी तुला खुर्चीत बसवीन, तक्ता लावीन, बाकी एक शब्द विचारणार नाही. खालच्या ओळी तुला दिसल्या नाहीत, तर त्या दिवशी माझ्याइतकं सुखी कोणी नसेल. आणि दिसल्याच, तर दोन-चार अक्षरं माझ्यासाठी चुकव.

तुझीच,
जुनी वहिनी