सलाईनचा तास

मंगळवार, संध्याकाळ

लेकीने कॅनडातून परस्पर ठरवलं, म्हणून आज दवाखान्यात जाऊन व्हिटॅमिनचं सलाईन घेतलं. म्हातारपणी ताकद येते म्हणे! शीर सापडेना, तेव्हा नर्स माझा हात हातात घेऊन बराच वेळ चोळत बसली.

‘काकू, दुखतंय का?’

‘नाही गं, सावकाश शोध.’

हे गेल्यापासून माझा हात असा कुणी धरला होता? आठवत नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘रिपोर्ट उत्तम आहेत तुमचे. पुन्हा यायची गरज नाही.’

‘थकवा फार वाटतो हो,’ मी म्हटलं. धडधडीत खोटं! तिचा तो हात आठवत होता, दुसरं काय?

पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. शनिवार पेठेत परतले, तीन जिने न थांबता चढले आणि लेकीला फोनवर सांगितलं, अजून चार-पाच वेळा तरी जावं लागेल.