आवाजाला दिलेली विश्रांती

पांढुर्णा,
सोमवार

तीर्थरूप प्रमिला आत्या,

धनश्रीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डावा गुडघा दुखतो हे लक्षात आहे, म्हणून डोकं उजव्या पायावर ठेवलं आहे.) गुडघा आता कसा आहे? वैद्यांनी दिलेलं तेल तुम्ही लावता, की बाटली गुडघ्याला नुसती दाखवून परत कपाटात ठेवता? हे आईनं विचारायला सांगितलंय, माझा प्रश्न नाही. इकडे सर्व ठीक. आईचा रक्तदाब आटोक्यात आहे. बाबांचा बियाण्यांच्या दुकानातला आवाज नेहमीप्रमाणे आटोक्यात नाही. अमरावतीला थंडी पडली असेल तर कानाला बांधत जा.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचारालच. फोनवर तुम्ही मला मधेच थांबवून "मुद्द्यावर ये" म्हणता. पत्रात तुम्हाला तसं म्हणता येत नाही, आणि यावेळी मला मुद्द्यावर यायला जरा वेळ लागणार आहे.

शनिवारी नागपूरला माझी चाचणी होती हे तुम्हाला बाबांनी सांगितलं असेल. गोष्टींची पुस्तकं आवाजात भरून विकणारी काही मंडळी आहेत, त्यांना वाचणारी माणसं हवी होती. मी घरूनच नमुना पाठवला आणि त्यांनी बोलावलं. आत्या, एम.ए. झाल्यापासून मी स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. बाबांनी होकार दिला तो असा, की एकदा जाऊन ये, नाही जमलं तर एक तारखेपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास. (क्लासवाल्यांशी ते बोलूनही आले होते. माझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण बियाणं विकणारा माणूस नेहमी दोन जातींचं ठेवतो.)

चाचणीच्या सूचनांत एक ओळ होती, की आदल्या दिवसापासून आवाजाला पूर्ण विश्रांती द्यावी. आता ही ओळ दुसऱ्या कुणी वाचली असती तर त्यानं फार तर भांडण पुढे ढकललं असतं. पण मला वाचायला तुम्ही शिकवलंय. तिसरीपर्यंत दम्यामुळे मला शाळेत घातलं नाही आणि तुम्ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसवून शिकवलंत, तेव्हा 'पूर्ण' म्हणजे पूर्ण हे माझ्या डोक्यात फोडणीच्या वासासकट बसलं आहे. मी शुक्रवारी संध्याकाळी तोंड बंद केलं. आई म्हणाली, दह्याला विरजण लावलं का तेवढं तरी सांग. मी बोटानं सांगितलं. लोकांची गैरसोय नको म्हणून एक कार्डही तयार केलं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आज मी बोलणार नाही. गैरसमज नसावा.' (पुढं जे झालं ते वाचून हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.)

शनिवारी सकाळी बाबा स्टेशनवर सोडायला आले, तर गाडी इटारसीकडेच कुठेतरी अडकलेली. कधी येईल हे खिडकीवरचा माणूसही सांगेना. बाबांनी मला तसंच बसस्टँडवर नेलं आणि सुटत असलेल्या सौंसरच्या बसमध्ये चढवलं. म्हणाले, सौंसरहून नागपूरले बशीच बशी. मला म्हणायचं होतं की बाबा, थेट नागपूरची बसही येईलच की थोड्या वेळात. पण हे हातवाऱ्यांनी सांगेपर्यंत बस सावरगावच्या पुढे गेली होती.

बसमध्ये जामसावळीच्या मारुतीला निघालेल्या बायकांचा एक गट होता. माझ्या शेजारी वत्सलाबाई नावाच्या आजी बसल्या, मांडीवर तीन-साडेतीन वर्षांची नात. तिचं नाव मैना. बायका तिच्याशी काही बोलल्या की ती छान हसून मान हलवायची. वत्सलाबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोन्या गावची व माय तू?" मी कार्ड पुढे केलं. त्यांचा चष्मा पिशवीत तळाशी, म्हणून त्यांनी ते मागच्या सीटवरच्या चंद्रकलाबाईंना दिलं. चंद्रकलाबाईंनी अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं आणि मोठा सुस्कारा टाकला. "आज बोलनार नाही म्हनते. उद्या बोलन, अशी आस ठेवली हाय बिचारीनं."

सगळी बस माझ्याकडे वळून पाहू लागली. मी घाईघाईनं मोबाइल काढून 'मला बोलता येतं' असं लिहून दाखवलं. चंद्रकलाबाईंनी तेही वाचलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं, "मोबाइलवर बोलता येते म्हनते. हो बाप्पा, आता मोबाइल सारंच करून राहिला." कुणीतरी मला संत्रं सोलून दिलं. ते आंबट होतं आणि घशाला आंबट नको होतं, पण नाही म्हणायचं कसं? खाल्लं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही अर्थ त्यांनी लावला.

तुम्ही शिकवलेलं मला सारखं आठवत होतं, की गप्प राहूनही खोटं बोलता येतं, आणि ते जास्त वाईट, कारण पकडलं जात नाही. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला 'पूर्ण विश्रांती'. दोन्ही तुमचेच संस्कार, आणि दोघांची माझ्या गळ्यात मारामारी. (माझ्यासारख्या मुलीला दोन नियम देऊ नयेत. एकच द्यावा.) विचार करता करता मला डुलकी लागली, कारण आदल्या रात्री झोप नव्हती. जाग आली तेव्हा मैना माझ्या मांडीवर येऊन झोपली होती, माझी ओढणी मुठीत गच्च धरून, आणि बायका जामसावळीला उतरत होत्या. वत्सलाबाई म्हणाल्या, "चाल माय, तशीच घे तिले." मी उठले. मूठ सोडवायला गेले तर ती कुरकुरली. खाली उतरून सोडवू म्हणून मी उतरले. कंडक्टरनं माझी पिशवी खिडकीतून हातात दिली, "जाओ ताई, बजरंगबली सब ठीक करेगा" म्हणाला आणि घंटी मारली. आत्या, माणसं इतकी चांगली असली की त्यांच्यापासून सुटका नसते.

देवळात सगळ्या बायकांनी माझ्यासाठी हात जोडले. मला ओळखत नसलेल्या बायका डोळे मिटून माझा आवाज मागत होत्या. मी मनातल्या मनात मारुतीला खरं काय ते सांगितलं आणि चाचणीचंही सांगितलं. आता बाहेर पडून चंद्रकलाबाईंना कागदावर सविस्तर लिहून द्यायचं आणि पहिली बस पकडायची, असं ठरवून मी पायऱ्यांवर चपला शोधत होते. समोर भंडाऱ्याच्या जेवणाचं सामान आणलेला एक ट्रॅक्टर ट्रॉली मागे घेत होता. ट्रॅक्टरवर गाणं लावलेलं, ते इतक्या मोठ्यानं की नारळाच्या दुकानातले हार थरथरत होते. आणि ट्रॉलीच्या बरोबर मागे, पाठ करून, मैना बसलेली. बुंदीचे सांडलेले दाणे वेचत होती.

मी ओरडले. "मैनाऽऽ! सरक तिथून!" असा आवाज माझ्यात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. तो बाबांचा दुकानातला आवाज होता. देवळावरची कबुतरं उडाली, ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला, पुजारी बाहेर आले. मी अनवाणी पळत जाऊन तिला उचललं. तिनं माझ्याकडे पाहून छान हसून एक बुंदीचा दाणा माझ्या तोंडात घातला.

मग जे झालं त्याचं वर्णन करणं कठीण आहे. पोरगी ट्रॉलीखाली जाता जाता वाचली हे कुणाच्या ध्यानातच नाही! चंद्रकलाबाई रडत होत्या, कुणी माझ्या कपाळाला शेंदूर लावला, कुणी नारळ फोडला. मी म्हटलं, "अहो, मला आधीपासून बोलता येतं!" चंद्रकलाबाई म्हणाल्या, "आयका व, कशी खडाखडा बोलून राहिली!" मी म्हटलं, "मी मराठीत एम.ए. आहे." त्या म्हणाल्या, "पाहा, इंग्रजी बी येऊन राहिली!" मी जितकं खरं सांगत गेले तितका चमत्कार मोठा होत गेला. वत्सलाबाईंनी मात्र मैनेला माझ्याकडून घेतलं, छातीशी धरलं आणि माझ्या कार्डाच्या मागे माझा फोन नंबर लिहून मागितला.

पुढच्या प्रवासाची सोय चमत्कारानंच झाली. शालिकराम नावाचे एक काका संत्र्यांची गाडी घेऊन नागपूरला निघाले होते, त्यांनी मला मानानं पुढे बसवलं. मी आता तरी उरलेला आवाज वाचवावा म्हणून गप्प बसले, तर ते घाबरले. "बोलत राह्य ताई. नवीन सुरू झालेली वस्तू बंद करू नये, मंग सेल्फ मारूनबी चालू नाही होत." त्यांनाही मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली आणि म्हणाले, "हां, अशीच बोलत राह्य." शेवटी मी चाचणीचा उतारा काढून वाचायला लागले. एक बकरी विहिरीत डोकावते आणि तिला आत दुसरी बकरी दिसते, अशी लहान मुलांची गोष्ट होती. थोडं ऐकून त्यांनी विचारलं, "कोणी मेलं काय त्या गोष्टीत?" मी म्हटलं, नाही. "मंग बकरी काहून इतकी दुःखात हाय?" मी पुन्हा वाचलं. त्यांना जांभई आली. गाडी चालवणाऱ्याला जांभई येणं बरं नाही म्हणून मी सावनेरपासून नागपूरपर्यंत ती बकरी जिवाच्या आकांतानं उड्या मारत वाचली.

पोचले तेव्हा माझी वेळ टळून गेली होती आणि घशातून पत्र्यावर खडी घासल्यासारखा आवाज निघत होता. पंकज नावाच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलानं माझं शेंदूर लावलेलं कपाळ पाहिलं, काही विचारलं नाही, आणि सगळ्यांत शेवटी आत बसवलं. आत्या, ती खोली तुम्ही पाहायला हवी. दार लागलं की आवाज नावाची गोष्टच उरत नाही. काचेपलीकडून पंकज माझ्याशी बोलू लागला. त्याचे ओठ हलत होते, हात हलत होते, मला काहीही ऐकू येत नव्हतं. (बटण दाबायचं तो विसरला होता.) आणि मी काय करत होते, तर छान हसून मान हलवत होते.

आणि मग मला मैना आठवली. बसमध्ये सगळ्या बायका मैनेशी बोलत होत्या तेव्हा तीही असंच करत होती.

त्यानंतर मी काय वाचलं मला नीट आठवत नाही. बकरी विहिरीपाशी गेली एवढं नक्की. बाहेर आल्यावर तिथले लोक म्हणाले, वाचन चांगलं आहे, आवाज मात्र आज नाही. आठ दिवसांनी परत या. आणि विश्रांती म्हणजे ओरडू नका एवढंच हो, मौन नाही. बाबांनी क्लासवाल्यांना आठ दिवस थांबायला सांगितलंय. म्हणजे माझं अजून काहीच ठरलेलं नाही, आणि पुढच्या शनिवारची काळजी मी आजपासूनच सुरू केली आहे.

बाकी क्षेम. थोरांना नमस्कार. तुमच्या घरी माझ्याहून लहान कुणी नाही, तेव्हा आशीर्वाद इकडून पाठवत नाही, उलट तिकडचे सगळे मलाच पाठवा, लागतील.

तुमची ओट्यावरची विद्यार्थिनी,
धनश्री

ता. क. आता मुद्दा. त्या ट्रॅक्टरचं गाणं, माझी हाक, हे सगळं होऊन कबुतरंसुद्धा उडाली, पण मैनेनं मान वळवली नाही, आणि हे मला तेव्हाच खटकलं होतं. वत्सलाबाई सांगत होत्या की ती अजून बोलत नाही, म्हणून दर शनिवारी मारुतीला आणतात. आत्या, ती बोलत नाही कारण तिला ऐकू येत नाही असं मला वाटतं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत तुमचं आयुष्य गेलं. असं मूल कसं तपासायचं, कुठे न्यायचं, पुढे काय करायचं, हे तुम्हालाच ठाऊक. तुम्ही याल का? देवळाच्या अंगणात मी इतकं बोलले, पण जे सांगायला हवं होतं तेवढंच सांगितलं नाही. म्हणजे गप्प राहून खोटं बोलायचं ते शेवटी तिथे झालं. वत्सलाबाईंना हे सांगायची माझ्यात हिंमत नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला हळू सांगता येतं.

दुसरा ता. क. पाकीट बंद केलं होतं, परत उघडलं आहे. आत्ताच वत्सलाबाईंचा फोन आला. मी आधी, मुकी नव्हतेच याची पुन्हा एकदा माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मले बशीतच समजलं होतं. तू झोपेत कोन्या बकरीचं बडबडून राहिली होती." मी विचारलं, मग मला खाली का उतरवलंत? "म्या कोठी उतरवलं? पोट्टी तुह्यापाशी झोपली होती. ती मायबापाले सोडून कोनापाशी झोपत नाही. म्हटलं उठवा कायले." मग म्हणाल्या, "तू ओरडली ना, तवा साऱ्या बाया तुह्याकडे पाहून राहिल्या होत्या. मी मैनेकडे पाहून राहिली होती."

थोडा वेळ आम्ही दोघी गप्प होतो. (हे गप्प राहणं खोटं नव्हतं.) मग मी तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुही आत्या कवा येते?"

तेव्हा हळू सांगण्याचं काम आता उरलेलं नाही. तुम्ही फक्त या, तेलाची बाटली घेऊन या. आणि बसमध्ये कुणी गावाचं नाव विचारलं तर लगेच, मोठ्यानं, तोंडानं सांगा.