शेवटी भेटले ते बरं झालं

२० डिसेंबर, शनिवार

मुलं उद्या येणार. फ्रिज भरला. चिवडा केला, जरा तिखट झालाय.

दुपारी वकिलाचा पिक्चर बघितला. (इंग्रजी नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, आता प्रयत्नही करत नाही.) बरा आहे. वकील फारच देखणा, त्यामुळे खरा वाटत नाही. पण सगळं कोर्टात घडतं, सारखी बोलत असतात माणसं, म्हणून शरदला सोपा गेला. मी शेजारी बसून हळूच सांगत होते, आता जज उठला, आता बायको आत आली. तर म्हणाला, "एवढं सांगू नकोस गं. आवाजावरून कळतं."

ऑक्टोबरमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मधली नजर जाते, कडेची राहते, फारसा उपाय नाही. गाडी चालवणं बंद. जन्मभर गाड्यांच्या ब्रेकवर काम केलेल्या माणसाला हे.

मुलांना सांगायचं नाही म्हणतो. "सुट्टीत नको. जानेवारीत मी फोन करून सांगतो." मला कबूल करायला लावलं. केलं.

२१ डिसेंबर, रविवार

आले दोघं. रोहन रेडमंडहून, मृणाल शिकागोहून. रोहन म्हणे, इथली, ट्रॉयची थंडी मी विसरलोच होतो, आमच्याकडे नुसता पाऊस. शरद खुर्चीतून उठला नाही. त्यांनाच जवळ येऊ दिलं, आवाज ऐकला, मग नाव घेऊन हात पुढे केला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी जुना मराठी कृष्णधवल, भाड्याच्या खोलीचा गोंधळ असलेला. शरदला पाठ. विनोद व्हायच्या आधीच हसत होता. मृणाल म्हणाली, "बाबा, यू आर स्पॉइलिंग इट!" बऱ्याच दिवसांनी घरात असा आवाज. पिक्चर मात्र फार लांबवलाय, दुसरा अर्धा नसता तरी चाललं असतं.

२३ डिसेंबर, मंगळवार

रोहनची निवड, अंतराळातला. नुसती धडामधूम. मला कळलं एवढंच की त्यांचं यान बिघडलंय आणि सगळे एकमेकांवर चिडलेत. शरद म्हणाला, "इतका अंधार, कोण कुठला ते दिसतच नाही."

रोहन म्हणाला, "एक्झॅक्टली बाबा! सगळे हेच कंप्लेंट करतायत."

मी चहाच्या निमित्ताने किचनमध्ये गेले. तिथे एकटी हसले. मग हसू थांबल्यावर ओट्याला धरून उभी राहिले जरा वेळ.

२४ डिसेंबर, बुधवार

बर्फ. रोहन बाबांना म्हणाला, चला, पूर्वीसारखं एक चक्कर मारून येऊ, तुम्ही चालवा. शरदने पाठदुखीचं कारण दिलं. रोहन गाडी बघून आला, म्हणाला, बॅटरी डेड आहे. कधीपासून चालवली नाही? मी म्हटलं, थंडीने झाली असेल.

खोटं बोलायची सवय होत चाललीय मला. पिक्चर नाही आज, पत्ते खेळू म्हणाली मृणाल. शरद झोपायला गेला.

२५ डिसेंबर, गुरुवार

आजचं नीट लिहायला पाहिजे, पण

मृणालने लावला. कुठल्याशा परदेशी भाषेतला, खाली अक्षरं. म्हातारा नवरा रोज होडीच्या धक्क्यावर बायकोची वाट बघतो, ती फार पूर्वी सोडून गेलेली. मी सवयीने अक्षरं हळू आवाजात वाचायला लागले, तर मृणाल, "आई, श्श्." गप्प बसले. काय करणार? शरद ताठ बसून होता, हात मांडीवर. एक शब्द न कळणारी भाषा आणि समोर राखाडी डाग, पण चुळबुळ नाही केली.

शेवटी कोणीच बोलत नाही. होडी येते. ती उतरते. तो पाठमोरा बसलेला तिला दिसतो. ती थोडा वेळ उभी राहते आणि परत होडीत जाऊन बसते. बस. लाटांचा आवाज आणि थोडं व्हायोलिन. सुंदर आहे, या सुट्टीतला सगळ्यांत चांगला. मृणाल डोळे पुसत होती.

"बाबा, काय वाटलं?"

शरद म्हणाला, "छान. शेवटी भेटले ते बरं झालं."

मृणालने वळून त्याच्याकडे बघितलं. मग रोहन हसला, "बाबा, झोपला होता तुम्ही!" शरदने तेच पकडलं, "हो रे, डोळा लागला असेल."

मृणाल हसली नाही. ती त्याच्याच बाजूच्या खुर्चीत होती. तो जागा होता हे तिने बघितलेलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी बेसमेंटमध्ये कपड्यांच्या घड्या करताना मृणाल आली. "आई, हाऊ मच कॅन ही सी?"

सांगितलं सगळं. रडली नाही, चिडली. मी तुमची मुलगी आहे की पाहुणी? बाबा जिन्यावरून पडले असते तर? मी म्हटलं, त्याने मला शब्द द्यायला लावला. म्हणाली, "अँड व्हॉट अबाउट मी?"

वर गेली. मी जिन्यातच थांबले, कपड्यांची टोपली हातात.

"बाबा, मी कोणत्या रंगाचा स्वेटर घातलाय?"

मग शरदचा आवाज, अगदी साधा. "नाही सांगता येत, बाळा."

२७ डिसेंबर, शनिवार

पिक्चर नाही. भांडण.

काल मृणालकडून कळल्यापासून रोहनचं सगळं ठरलेलंच. हे घर विकायचं, दोघांनी रेडमंडला यायचं, त्याच्या घरात खालच्या मजल्यावर खोली आहे. चांगल्या मनाने बोलत होता, पण मीटिंगमध्ये बोलतात तसं. शरद ऐकत राहिला, मग म्हणाला, "माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल बोलतोयस. नजर गेलीय रे, मी आहे अजून." किल्ली घेऊन गॅरेजमध्ये गेला.

मी मागोमाग निघाले. मग आठवलं, बॅटरी बंद आहे.

जाऊन बघितलं तर ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी शेजारी जाऊन बसले. थंडी मरणाची. म्हणाला, "मृणाल समोर येते ना, तेव्हा तिचे कान दिसतात. केस दिसतात. चेहरा असतो तिथे काही नाही."

"आणि मी?"

"तू तर मला आठवतेस."

पाय गार पडेपर्यंत बसलो.

२९ डिसेंबर, सोमवार

रोहनने टीव्हीच्या सेटिंगमध्ये काहीतरी शोधून काढलं, पडद्यावर काय चाललंय ते एक माणूस इंग्रजीत सांगत राहतो. मोठ्या उत्साहाने लावून दिलं. शरदने पाच मिनिटं ऐकलं. "हा कोण मधे बोलतोय? बंद कर त्याला." रोहनचं तोंड उतरलं. भाषणं देतो, पण काल रात्रभर हेच शोधत बसला असणार बिचारा.

मग मृणाल म्हणाली, मी सांगते. मराठीत. तिचं मराठी! "ती बाई रागवली आहे. ती आता, आई, प्लेट्सना काय म्हणतात? ती बश्या तोडत आहे."

"फोडतेय," शरद म्हणाला. "तोडत नाहीत, फोडतात."

"फोडतेय. आता तिचा नवरा, ही लुक्स सॅड. खूप सॅड."

"कसा बसलाय?"

"तुमच्यासारखा."

शरदने हात वर केला. "पुरे आज. दमलो." तिने लगेच बंद केला. चांगलं बोलत होती, आणि तो ऐकतही होता. तरी पुढे नाही जाता आलं. पिक्चर कसा होता ते मला माहीत नाही, मी पडद्याकडे बघतच नव्हते.

१ जानेवारी, गुरुवार

गेले दोघं, टॅक्सीने. रोहनने दारात बाबांना मिठी मारली, सोडेचना. म्हणाला, "मी ऑर्डर नव्हतो देत, बाबा. भीती वाटली." हे मराठीत म्हणाला. शरदने त्याच्या पाठीवर थोपटलं, "रविवारी फोन कर, सांगतो."

मृणालने जाताना शरदचा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. मी बूट शोधायचं निमित्त करून खाली वाकले.

३ जानेवारी, शनिवार

उद्या रोहनचा फोन येईल. काय सांगायचं ते शरद बोलत नाही, मी विचारत नाही. हे घर सोडायचं म्हटलं की मला आधी मागचं मेपलचं झाड दिसतं, आणि मग वाटतं, तिथे रेडमंडला निदान आमच्याशिवाय कोणी असेल. दोन्ही खरं.

मृणालने पिक्चर सांगितला त्या दिवसानंतर शरद टीव्हीच्या खोलीत आला नाही. आज दुपारी मी एकटीच बसले. लग्नघरातला गोंधळ असलेला हिंदी पिक्चर, अगदीच फालतू, नाच चालला होता एकीकडे. आवाज बारीक ठेवला होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

पलीकडच्या खोलीतून त्याने विचारलं, "काय लावलंयस?"

"काही नाही. असंच."

"कोण रडतंय त्यात?"

पिक्चरमध्ये तेव्हा कोणी रडत नव्हतं.

"नवरीची आई," मी म्हटलं.

मी डोळे पुसले. मग म्हणाला, "आवाज वाढव जरा."

वाढवला.