वाफ्यातली लाल भुकटी

४ नोव्हेंबर, मंगळ
सकाळी पालकाचा वाफा खोदला. एक बी गांडूळ नाही. बाजूच्या जांबाच्या झाडाखाली फावडं मारलं त चार-पाच वर आले. मधात दोन पावलांचं अंतर. शेणखत दोन्हीकडं सारखंच. काही समजून नाही राहिलं.
सूनबाईनं, सारिकानं, आज वाटीभर पालक खाल्ला. पाचवा महिना. डॉक्टरीण म्हणे रक्त कमी, लोह कमी. म्हणून त गणपतीच्या आधी वाफ्यात लोहा टाकला. भंगारवाल्याकडं जुने गर्डर घासतात, तिथली लाल भुकटी. दोन पोते. लोक गुलाबाले जंगलेले खिळे घालतात, मी पालकाले भुकटी घातली. तीस वर्षं लोखंडात काढली, लोहा कुठं भेटते ते मले नाही समजंल त कोणाले?

७ नोव्हेंबर, शुक्र
शेजारची मोहिनी, इथलीच, हिंदी बोलणारी, कॉलेजात झूलॉजी शिकते. तिले सांगितलं. वाटलं हसंल, पण नाही हसली. टब घेऊन आली. मधात पुठ्ठा, एकीकडं वाफ्याची माती, एकीकडं जांबाखालची. मंग पुठ्ठा काढून मधल्या रेषेवर दहा गांडुळं सोडले. वरून ओलं पोतं. "काका, दो दिन हाथ मत लगाना. जिधर जाना है, खुद जाएंगे."
म्हटलं, इलेक्शन आहे का वं हे?

९ नोव्हेंबर, रवि
दहाच्या दहा जांबाच्या मातीत.
मले पटलं नाही. ऊन त्या बाजूनं लागलं असंल. एका मापावर कोणता फिटर भरवसा ठेवते? टब फिरवून पुन्हा मांडाले लावला, नवे दहा घेऊन.
सारिका दुपारी पालक निवडाले बसली. म्हटलं, आज राहू दे. "कावून जी?" म्हटलं, किडे लागले. खोटं बोललो. किडे लागले असते त देवाले नारळ फोडला असता.

११ नोव्हेंबर, मंगळ
पुन्हा तेच. नऊ जांबाकडं. दहावं वाफ्याच्या मातीत, चिरमटून गेलेलं. मेलं.
मोहिनी म्हणे, "इसमें डाला क्या है, काका?" लोहा, म्हटलं. पोत्यात उरलेली भुकटी चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसरली, उन्हात धरली.
जंग असा नसते. जंग तपकिरी. हे त केशरी.
सिंदूर.
कामावर रेड लेडले आम्ही सिंदूरच म्हणत होतो. गर्डरले जंग लागू नये म्हणून पहिला हात त्याचा. सुपरवायझर रोज ओरडे, "हाथ धोके खाना, सीसा है उसमें." सीसा म्हणजे शिसं, जहर. किती डबे मारले असतील मी ह्या हातानं. अन् ओळखला नाही! डोळे फुटले होते का माहे? लाल दिसलं की लोहा, एवढीच अक्कल.

१२ नोव्हेंबर, बुध
वाफा उपटला सगळा. पाला गाईले जाऊ नये म्हणून पोत्यात बांधून खोलीत कुलूप लावून ठेवला. मुलगा नीलेश नंदिनीच्या खाणीत ड्युटीवर. फोन हातात घेतला, ठेवला. आधी तिले सांगाले पाहिजे. खाल्लं तिनं.
संध्याकाळी सा. आरशापुढं होती. इथल्या रायपूरकडच्या बायांचं पाहून तीही भांगात सिंदूर भरते. मले पाहवलं नाही. अंगणात जाऊन बसलो. आज बी नाही सांगितलं. भेकड आहो मी.

१४ नोव्हेंबर, शुक्र
सांगितलं. समोर बसवून सगळं. गांडुळांपासून सुरू केलं. वाटलं ओरडंल. ओरडाले पाहिजे होतं. पोटावर हात ठेवला तिनं. मंग म्हणे, "मी त मांगून मांगून खात होती, बाबा. तुमी माह्यासाठी लावला म्हणून."
मंग तिनंच नीलेशले फोन केला.

१५ नोव्हेंबर, शनि
दवाखाना. भुकटी डबीत नेली होती. डॉक्टरीणनं पाहिली, किती दिवस खाल्लं ते विचारलं, लिहून घेतलं. रक्त घेतलं. तपासाले रायपूरले जाईल, आठ दिवस लागतील. पोटातल्या पोराले काही होईल का, विचारलं. म्हणे, रिपोर्ट येऊ द्या. नीलेश पूर्ण रस्त्यात माह्याशी बोलला नाही. बरोबर आहे त्याचं.
घरी आल्यावर सा. मांगच्या दारात उभी. "बाबा, टबातले बाकीचे कुठं आहेत?"
म्हटलं, जांबाखाली सोडले.
"दाखवा मले."
हातानंच माती बाजूले केली. एक निघालं, ओलं, वळवळून राहिलं होतं. ती माह्या खांद्याचा आधार घेऊन हळूच खाली बसली. दुसरा हात पोटावर होता.
"ह्यायले पळता त आलं, बाबा."
मी माती पुन्हा लोटून दिली.