माडाकडून वाचायची पाटी

बाबा, आज बसच्या पाटीवर पहिल्यांदाच साधी अक्षरं काढली. तुम्ही असता तर नुसतं हुं केलं असतंत. तेवढंही ऐकून किती वर्षं झाली.

इथं मुंबईत बसच्या कारखान्यात मी पाट्या रंगवतो. गाडी कुठं जाणार ते तिच्या कपाळावर लिहायचं. शाळा चौथीत सुटली, तरी पोट अक्षरांवरच आहे, कारण तुम्ही होड्यांवर नावं घालायचात. नाव घालून झालं की वाळू तुडवत वरच्या माडाकडे जायचात आणि तिथून वाचायचात. पहिली होडी माझ्या हातात दिलीत तेव्हा मी अक्षरांना लाल सावल्या दिल्या, वेलांट्यांना फुलं काढली. तुम्ही मला माडाकडे पाठवलंत आणि खालून विचारलंत, "वाचूक येता काय रे?" मी होय म्हटलं. मग तुम्ही स्वतः वर येऊन बघितलंत, खाली गेलात आणि पत्र्याच्या तुकड्यानं सगळं खरवडून काढलंत. होडीवाला बघत उभा. मग मला म्हणालात, "अक्षरां आपली हौस दाखवूक नसतत, झिला. काठार वाट बघणाऱ्याक आपली होडी गावूक व्हयी."

चार माणसांत माझी शोभा केलीत, माझा हात तुम्हाला बघवत नाही, असं आईजवळ बडबडलो आणि त्याच आठवड्यात मुंबईची बोट धरली. पुढल्या वर्षी तुम्ही गेल्याची तार आली.

परवा स्टॉपवर एक म्हातारी बोट नाचवत एकेक अक्षर जुळवत होती. पाटी माझीच, लाल सावल्यांची. तिचं जुळेपर्यंत गाडी सुटली. "खंय गेली रे ती? माका दादराक जावचा आसा," तिनं मला विचारलं. आपल्याकडचीच बाई. गाडी दादरचीच होती.

म्हणून आज पिवळ्यावर काळी, जाड, सुटी सुटी अक्षरं काढली आणि पाटी भिंतीला टेकवून थेट फाटकापर्यंत चालत गेलो. "कोकण्याची गाडी सुटली वाटतं," मागून कारखान्यातली पोरं हसली. वळून बघतो तर नाव लख्ख दिसतंय. हाक मारून सांगावं असं वाटतं, पण खाली वाळूत तुम्ही उभे नाही.

हा कागद रंगाच्या डब्याखाली सरकवतो आहे, पोचवणार कोण. एकच सांगायचं राहिलंय. त्या दिवशी माडाकडून मला वाचता आलं नव्हतं, बाबा. नुसता लाल डाग दिसला होता.