बेचाळीस पायऱ्यांचा व्यायाम

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असेलच; तू आजारी पडलीस तर आजाराचीच विचारपूस करावी लागते. (हे प्रेमाने लिहिलं आहे.) इकडे सगळे खुशाल. तुझ्या धाकट्या भावाच्या हातून एक मोठं काम झालं आहे. ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं. लोक फार कमी करून सांगतात.

त्याचं असं झालं. आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष वकीलसाहेब (खोलीत आधी पोट येतं, मग अध्यक्ष) यांनी ठराव केला की सर्वांनी व्यायाम करायचा आणि तो मी घ्यायचा. शाळेत चौतीस वर्षं कवायत घेतलेला माणूस मी. शिट्टी अजून टेबलाच्या खणात होती. पहिल्याच रविवारी सहा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या जोडप्यापर्यंत सगळ्यांना गच्चीवर एका रांगेत उभं केलं आणि एक-दोन-तीनवर उड्या मारायला लावल्या. सातव्या उडीला वकीलसाहेबांची पाठ धरली. दहाव्या उडीला खालच्या बिऱ्हाडात छताचा पोपडा दुधाच्या पातेल्यात पडला. (तो आधीच सुटलेला होता, असं मी समितीला लेखी दिलं आहे.)

गैरहजर फक्त दोघी. गैरहजेरी मी आयुष्यात कोणाची सोडली नाही, तेव्हा तडक जाब विचारायला गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. अकरा महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडल्या. हाड जुळलं, पण भीती काही गेली नाही. तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या व्यायामाला यायचं तर आधी अठ्ठावीस पायऱ्या चढायला हव्यात. तेवढं जमलं असतं तर व्यायाम कशाला हवा होता?" ताई, जाब विचारायला गेलेला मी मुकाट जिना उतरून आलो.

पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी तर मशीनवरून मानही वर केली नाही. दहा तास पाय चालतात, मान मात्र जागच्या जागी. संध्याकाळी फिरायला जात जा म्हटलं, तर म्हणाल्या, गल्लीतले दिवे बंद आणि कोपऱ्यावर टोळकं उभं. तुम्हा पुरुषांना गल्ली दिसते, आम्हाला टोळकं दिसतं.

मग मी शिट्टी खणात टाकली आणि वही काढली. घरोघर बसलो, वय, दुखणी, कामाचे तास, खोलीची लांबी, सगळं लिहून घेतलं. शिवणवाल्या बाईंना दर तासाला मान-खांद्यांचा व्यायाम आणि अंधार पडल्यावर इमारतीच्याच जिन्याच्या चार फेऱ्या. वकीलसाहेबांना फोनवर बोलताना चालायची सक्ती. (ते इतकं बोलतात की महिन्याभरात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.) आजींना खुर्चीतून हात न टेकता पाचदा उठायचं आणि ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पलंगापासून खिडकीपर्यंत सात पावलं मी खडूने आखून दिली. पहिल्या आठवड्यात त्या कशाबशा एकदाच उठल्या, आणि रागारागाने खडूच्या खुणा पुसून टाकल्या. दुसऱ्या आठवड्यात खडू स्वतःच मागून घेतला.

परवा सकाळी आजी बेचाळीस पायऱ्या उतरल्या. एक हात कठड्यावर, आणि मी दोन पायऱ्या खाली, झेलायला. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी. फाटकाशी येऊन त्यांनी गल्लीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "कोपऱ्यावरचं पावाचं दुकान बंद झालं वाटतं. मला कोणी सांगितलं नाही." आणि खात्री करायला चालत गेल्या. शाळेला मी इतक्या ढाली मिळवून दिल्या, पण छाती अशी कधी फुगली नव्हती.

तुझा,
धाकटा

ता.क. १: खरं सांगायचं तर आजींच्या दोन पायऱ्या खाली शिवणवाल्या बाई होत्या. मी फाटकाशी खुर्ची धरून उभा होतो. सकाळी एकदा वर जाऊन आलो होतो, आणि दिवसातून दुसऱ्यांदा तिसरा मजला मला चढवत नाही.

ता.क. २: वहीत सगळ्यांची पानं भरली, माझं कोरं आहे. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगून चार महिने झाले. निम्मी गल्ली माझ्या हाताखालून गेलेली. तिच्यासमोर धापा टाकायची लाज वाटते. म्हणून महिनाभर तुझ्याकडे येतो. लहानपणी हाताला धरून शाळेत ओढत न्यायचीस, तसं रोज सकाळी सहाला बाहेर काढ. मी नाही म्हणेन. ऐकू नकोस.